जुनी गाडी : आधी थांबवा, मग पळवा

थिअरी ऑफ मशिन्सचा पहिला पेपर सुटला, की आपल्यातल्या निम्म्या मेकॅनिकलवाल्यांच्या डोक्यात एक किडा वळवळू लागतो. गावाकडे गोठ्यात ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी असते आणि ‘हिच्यात नवं इंजिन टाकलं तर?’ असा विचार रात्री दोनला मेसच्या पायरीवर बसून सुचतो. मला तो सुचला तेव्हा मिरजेला मामांचं गॅरेज हाताशी होतं. दोन सुट्ट्या तिथे काढून जे शिकलो, ते इथे मांडतो.

आमची गाडी आजोबांची, १९७५ची पद्मिनी. ही मूळची इटालियन फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९६४पासून ती ‘फियाट ११०० डिलाइट’ नावाने बनवली आणि १९७४पासून तिला ‘पद्मिनी’ म्हणू लागले. इंजिन १०८९ सीसी, कार्ब्युरेटरवालं. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती बाद झाली, तरी तिचा माल बाजारात अजून मिळतो. आजीची इच्छा एकच, की याच गाडीतून एकदा नरसोबाच्या वाडीला जायचं. म्हणजे मागच्या सीटवर आजी बसणार. हे लक्षात ठेवलं, की कामाचा क्रम आपोआप ठरतो.

मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “इंजिन बंद पडलं तर गाडी उभी राहते. ब्रेक बंद पडला तर राहत नाही. मग आधी काय करायचं?”

१) ब्रेक. माणसांसकट गाडी १२०० किलो धरा. ताशी ६० किमीला गतिज ऊर्जा सुमारे १६७ किलोज्यूल, ९०ला ३७५. वेग दीडपट, ऊर्जा सव्वादोनपट. ही सगळी ऊर्जा त्याच ड्रमला उष्णता म्हणून पचवावी लागते. म्हणून मोठं इंजिन आधी बसवणं म्हणजे ब्रेकवर न विचारता बोजा टाकणं. ‘मग पुढे भंगारातले डिस्क लावू’, असं मी म्हणालो. मामांनी तीन प्रश्न विचारले. कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला तेल जास्त लागतं. जुना मास्टर सिलिंडर तेवढं ढकलेल का, की पेडल तळाला जाईल? ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतील, त्याचं काय? आणि पुढचे-मागचे ब्रेक कोणत्या प्रमाणात लागतील? मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी फिरते. तिन्हींची उत्तरं आकड्यात देता येईपर्यंत डिस्क नाही. आम्ही ड्रम टर्न करून घेतले; लायनर, रबरं, होज आणि तेल नवं घातलं.

२) वायरिंग आणि उजेड. ६० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टला १० अँपिअर ओढतात. हा करंट पन्नास वर्षं जुन्या स्विचमधून आणि कडक झालेल्या वायरीतून गेला, की व्होल्टेज वाटेतच पडतं. बल्बपाशी १० टक्के व्होल्टेज कमी पडलं, तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. इलाज स्वस्त आहे : रिले. बॅटरीकडून फ्यूजमधून जाड वायर ३० नंबरच्या पिनला, ८७ मधून बल्बला; जुना स्विच फक्त ८५-८६च्या कॉइलला करंट देतो. बल्ब न बदलता उजेड वाढतो.

डायनॅमोच्या जागी मारुतीचा जुना अल्टरनेटर बसवण्याचा प्रकार गॅरेजमध्ये नेहमीचा. पण जुना कटआउट काढावा लागतो, कारण रेग्युलेटर अल्टरनेटरमध्येच असतो. पुली बेल्टच्या रेषेत हवी. चार्जिंगची वायर नव्या अँपिअरला पुरेल एवढी जाड हवी, नाहीतर वायरच फ्यूज होते! बॅटरी उलटी जोडली तर डायोड गेलेच समजा.

३) पेट्रोल. हा मुद्दा जुन्या पुस्तकांत सापडत नाही. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. नवीन गाडीत ईसीयू मिश्रण सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, त्यामुळे मिश्रण लीन होतं आणि इंजिन तापतं. शिवाय इथेनॉल जुनं रबर खातं आणि पाणी ओढून टाकीत गंज धरतं. म्हणून टाकी साफ, इथेनॉल सोसणारा होज, नवा फिल्टर आणि प्लगचा रंग बघून जेट.

४) मग इंजिन. बोअर मोजा, कॉम्प्रेशन बघा, रिंगा-व्हॉल्व्हचं काम करा. बऱ्याचदा मूळ ताकद परत मिळाली, की मोठ्या इंजिनची हौस फिटते.

आता भंगाराचा माल. पुण्याचा जुना बाजार असो की कुर्ल्याचं भंगार मार्केट, नियम एकच. दार, काच, ग्रिल, हँडल, ब्रॅकेट खुशाल जुनं घ्या. गिअरबॉक्स, स्टार्टर उघडून, मोजून घ्या. ब्रेकचं रबर, होज, टायर कधीही जुनं घेऊ नका. टायरवर चार आकडे असतात; ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसो, आधी तो आकडा वाचा.

शेवटी कायदा, कारण वायवाला हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि रस्त्यावर नेमका हाच विचारतात. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच ठासून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आणि आरसी बुकात नोंद हवी. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार केले की तो हक्क गेला. आमच्या पद्मिनीचं मोठं इंजिन इथेच बारगळलं.

म्हणून मामांचा नियम मी पाठ केलाय : जे बसवाल ते नटबोल्टवर बसवा, पत्रा कापू नका आणि काढलेला प्रत्येक पार्ट चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. आमचा डायनॅमो तसाच ठेवलाय.

मशीन डिझाइनमध्ये आपण एकेक पार्ट सुटा शिकतो : शाफ्ट वेगळा, ब्रेक वेगळा. जुनी गाडी शिकवते, की एक पार्ट बदलला की शेजारच्या चार पार्टांना त्याचा हिशेब द्यावा लागतो. तेव्हा सुट्टीत ताडपत्री जरूर काढा. फक्त पाना हातात घ्यायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर पहिला शब्द ‘ब्रेक’ लिहा.