मुलाला कशाला घालावे?

दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एकच प्रश्न ऐकू येतो : मुलाला आता कशाला घालावे? हा प्रश्न चुलत्यांस, मामांस व शेजाऱ्यांस विचारला जातो. ज्याला घालावयाचे त्याला क्वचितच विचारतात. बैल घेताना आम्ही त्याचे दात पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. मुलाची वाट ठरविताना मात्र अमक्याचा मुलगा इंजिनिअर झाला एवढे ऐकले की पुरते. ह्यास्तव पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील एका भागाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधितो.

सन १८८२ मध्ये हंटर शिक्षण कमिशनपुढे रमाबाईंची साक्ष झाली. ह्या देशातील स्त्रियांसाठी शिक्षिका तयार कराव्यात, तसेच स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण मिळावे, असे त्यांनी तेथे सांगितले. पुढच्याच वर्षी वैद्यक शिकण्याच्या हेतूने त्या लहान मुलीस घेऊन विलायतेस गेल्या. 'स्त्रीधर्मनीति' ह्या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा त्यांस ह्या प्रवासास उपयोगी पडला. परंतु तेथे त्यांचा बहिरेपणा आड आला. ज्या धंद्यात रोग्याचे हृदय व श्वास कानांनी तपासावे लागतात, तो धंदा कानांवाचून कसा चालावा? परक्या मुलखात, पदरी लहान मूल असलेल्या त्या विधवेसमोर तो दरवाजा बंद झाला.

पुढे जे झाले तेच आमच्या विषयाचे मर्म होय. साक्षीत त्यांनी दोन गरजा बोलून दाखविल्या होत्या. पैकी एकीची वाट मिटली, दुसरीची मोकळी होती. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकविले, व स्वतः गणित आणि सृष्टिशास्त्र ह्यांचा अभ्यास केला. सन १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी ह्यांस फिलाडेल्फिया येथे डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई हजर होत्या. जी पदवी आपल्या वाट्यास आली नाही ती दुसरीस मिळताना पाहावयास महासागर ओलांडून जाणे, हे मन सामान्य नव्हे. त्याच देशात त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, आणि सन १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन उघडले. धंदा बदलला, हेतू तोच राहिला.

आमच्या मुलांचे नेमके उलट होते. धंद्याचे नाव पाठ असते, हेतू ठाऊक नसतो. मग नीटच्या परीक्षेत गुण कमी पडले की दोन दोन, तीन तीन वर्षे घरी बसून जातात, बापाची एखादी पट्टी शेतही जाते. रोग्यांची सेवा हाच जर मुलीचा हेतू असेल, तर परिचारिका, औषधनिर्माण, प्रयोगशाळेतील तपासणी ही कामे काय रोग्यांची नव्हेत? आणि केवळ 'डॉक्टर' ही पाटीच हवी असेल, तर तेही घरात एकदा स्पष्ट बोलून घ्यावे.

शरीराची पारखही फी भरण्यापूर्वीच व्हावी. ज्याला तांबडा व हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही, त्यास आगगाडीचे इंजिन चालविण्याची नोकरी मिळत नाही. ही गोष्ट डोळ्यांच्या साध्या तपासणीत कळते.

पैशाविषयी एवढेच सांगतो की, फीबरोबर वसतिगृह, खाणावळ व पुस्तके ह्यांचाही सर्व वर्षांचा हिशेब आधी कागदावर मांडावा. ज्यांच्या घरी तो जुळत नाही त्यांस आडवाटा आहेत. दहावीनंतर तीन वर्षांची इंजिनिअरिंग पदविका घेतलेल्यास पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. आय.टी.आय.मध्ये वीजतंत्री किंवा जोडारी शिकून हाताला काम मिळते. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सन १९८९ पासून नोकरी सांभाळून शिकणारांस पदवी देत आले आहे. अशा वाटेने जाणाऱ्यास आमच्यात कमी लेखतात, ही खोड बरी नव्हे.

पाळक व उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, निकालाची वाट न पाहता उन्हाळ्यातच एके संध्याकाळी दहावीच्या मुलामुलींस एकत्र बोलवावे, गावात येणारी नर्स, तारतंत्री, शिक्षक ह्यांपैकी जे मिळतील त्यांस त्यांच्यासमोर बसवावे, आणि त्यांच्या कामात सर्वांत कंटाळवाणे काय आहे तेही मुलांस विचारू द्यावे.