पश्चात्ताप आणि प्रार्थना : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांच्या संदर्भात

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना आपल्या अभ्यासकांची दृष्टी प्रायः धर्मांतराच्या घटनेवर खिळून राहते. लेखकाच्या बाप्तिस्म्याचे वर्ष, त्यामागील कारणे आणि समाजाची प्रतिक्रिया यांची नोंद झाली की विवेचन पूर्ण झाले, असे मानले जाते. या पद्धतीत त्या लेखनाचा गाभाच हातून निसटतो, असे आम्हांस वाटते. तो गाभा म्हणजे पश्चात्तप्त आणि प्रार्थनाशील अंतःकरण. बाप्तिस्मा एका दिवशी होतो. असे अंतःकरण मात्र दीर्घकाळ घडवावे लागते. या दोहोंतील अंतर लक्षात घेतल्यावाचून या साहित्याचे मूल्यमापन अपुरे राहील.

प्रथम संज्ञेचा विचार करू. 'पश्चात्ताप' या शब्दाची फोड 'पश्चात्' आणि 'ताप' अशी आहे. कृत्य घडून गेल्यानंतर मनाला होणारा दाह, हा तिचा अर्थ. बायबलमधील मूळ कल्पना याहून व्यापक आहे. हिब्रू 'शूब' या धातूचा अर्थ मागे वळणे, परतणे असा आहे; ग्रीक 'मेटानोइया' या शब्दात मनाचे परिवर्तन अभिप्रेत आहे. म्हणजे ताप हा आरंभ आणि परतणे ही परिणती. संतसाहित्यात रूढ असलेला 'अनुताप' हा शब्द या अर्थाच्या बराच जवळ जातो, कारण तेथेही अनुतापाची परीक्षा वैराग्य आणि भजन यांवरूनच होते.

हा भेद नव्या करारात दोन शिष्यांच्या चरित्रांतून स्पष्ट होतो. यहूदा इस्कर्योताला आपल्या कृत्याची खंत वाटली. त्याने घेतलेली तीस नाणी परत केली आणि नंतर आत्मनाश केला. मत्तयाने या प्रसंगी 'मेटानोइया'शी संबंधित क्रियापद न वापरता खेद सुचविणारे निराळे क्रियापद योजले आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. पेत्रानेही तीन वेळा गुरूला नाकारले होते. तो रडला; परंतु रडून झाल्यावर तो पुन्हा गुरूसमोर उभा राहू शकला. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (अध्याय ७) ऐहिक दुःख आणि ईश्वराभिमुख दुःख असा जो भेद केला आहे, त्याची ही दोन उदाहरणे म्हणता येतील. खेद एकाकी राहिला तर मनुष्याला गिळून टाकतो. तोच प्रार्थनेत उतरला की वाट होतो. स्तोत्रसंहितेतील एक्कावन्नावे स्तोत्र याच कारणाने महत्त्वाचे ठरते. नाथान संदेष्ट्याने दोष दाखविल्यानंतरची दाविदाची ही प्रार्थना, असे परंपरा मानते. तीत यज्ञबलीपेक्षा भग्न हृदयाला श्रेष्ठ स्थान दिले आहे.

आता मराठी लेखनाकडे वळू. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण ख्रिस्त लाभला नव्हता. मोठ्या विदुषीने दिलेली ही कबुली हीच पश्चात्तापाची खूण होय. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये प्रार्थनेची जी लाट आली, तिची पार्श्वभूमी या कबुलीत शोधली पाहिजे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. पती रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंनी आपले सोवळेओवळे, राग आणि रडणे काहीही न लपविता सांगितले आहे. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, ही जाणीव त्यांना झाली आणि खाण्यापिण्यातील विटाळ त्यांनी सोडला. त्यांचा बाप्तिस्मा मात्र १९०० सालचा. अंतःकरण आधी वळले, विधी मागाहून आला. त्यांचा विनोद हाही येथे आत्मपरीक्षणाचाच एक प्रकार ठरतो. स्वतःला हसू शकणाऱ्या मनाला स्वतःचा दोष मान्य करणे अवघड जात नाही.

स्वतः टिळकांनी बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, मिशनचा आश्रय सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. जीवनाच्या उत्तरार्धातही हा भक्त पुन्हा एकदा वळत होता. त्याच्या प्रार्थनेने अभंगाचा छंद स्वीकारला, यात केवळ रचनेची सोय नव्हती. स्वतःचे उणेपण देवापुढे मोकळेपणाने मांडण्याची भाषा तुकोबांनी मराठीत आधीच सिद्ध करून ठेवली होती.

तिन्ही चरित्रांत बाप्तिस्म्याचे वर्ष आणि मनाच्या वळणाचे वर्ष जुळत नाही. यावरून साधनेविषयी एक सूत्र हाती येते. पश्चात्ताप प्रार्थनेत नित्य व्हावा लागतो आणि त्याची सत्यता आचरणात दिसावी लागते. लूकच्या शुभवर्तमानातील जकातदार जक्कय, ज्यांना फसविले त्यांना चौपट परत देण्यास सिद्ध होतो. प्रभूच्या प्रार्थनेतही क्षमेची याचना, आपण इतरांना केलेल्या क्षमेशी जोडलेली आहे. शेजाऱ्याशी वैर ठेवून देवापुढे गाळलेले अश्रू या कसोटीस उतरत नाहीत.

तात्पर्य, या आत्मकथनांचे वाचन धर्मांतराचा दस्तऐवज म्हणून करण्यात चूक नाही. तेवढ्यावर थांबणे मात्र अन्यायाचे आहे. आपला दोष नावानिशी सांगून त्यासह ईश्वरासमोर उभे राहणारी माणसे या पानांत बोलत आहेत. त्यांचे बोलणे ऐकताना वाचकालाही स्वतःच्या अंतःकरणाचा ठाव घ्यावा लागतो, आणि या वाङ्मयाचे सामर्थ्य त्यातच आहे.