कातडीचं वय विचार

चि. मृणाल,


तुझा ब्रिस्बेनहून आलेला मेल दोनदा वाचला. आपल्या ओपीडीत वर्षाकाठी जेवढे कातडीचे बेसल सेल कर्करोग दिसायचे, तेवढे तिथे तू आठवडाभरात पाहतेस. गोरी कातडी आणि क्वीन्सलंडचं ऊन, दुसरं काय होणार!

तुझ्या मेलमधले ८४ वर्षांचे शेतकरी आजोबा आणि ४३ वर्षांच्या शिक्षिका. दोघांनाही नाकपुडीच्या कडेला तोच आजार, दोघांनाही सुरी नको, रेडिएशन हवं, आणि तू दोघांनाही ‘हो’ म्हणायच्या बेतात आहेस. आजोबांना म्हण. बाईंना इतक्यात नको.

विभागात रेडिएशनचं नवं मशीन आलंय, म्हणून हुरळू नकोस. एक्स-रे १८९५ साली सापडले आणि १८९९ मध्ये स्टॉकहोमला त्यांनीच नाकावरचा कर्करोग बरा केला होता. उपचार जुना आणि चांगलाही आहे. वरवरचे एक्स-रे कातडीत काही मिलिमीटर शिरून विरतात. भूल नाही, टाके नाहीत, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या बंद करायला नकोत. पण पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेची १९९७ ची चाचणी पुन्हा काढून वाच. चेहऱ्यावरच्या बेसल सेलचे ३४७ रुग्ण होते. चार वर्षांत आजार राहिल्याचं किंवा उलटल्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ०.७ टक्के, रेडिएशननंतर ७.५. आणि दिसण्यातही शस्त्रक्रियाच सरस ठरली. व्रण नको म्हणून रेडिएशन मागणाऱ्या बाईंना हे सांगायलाच हवं.

मी सांगितलं नव्हतं. माझ्या उमेदीच्या काळात चाळिशीतल्या एका बाईंनी लग्नकार्य तोंडावर आलंय म्हणून ‘लाइटच द्या’ म्हटलं, आणि मी रेडिएशन दिलं. सहा महिन्यांनी नाक इतकं सुरेख होतं की मी विद्यार्थ्यांना फोटो दाखवायची. पंधरा वर्षांनी त्या परत आल्या, तेव्हा तिथे पांढरा, पातळ, चकचकीत डाग होता आणि त्यावर लाल शिरांचं जाळं. आजार गेला होता, पण त्या आरशात पाहणं टाळत होत्या. रेडिएशनची किंमत उशिरा चुकवावी लागते. आजोबांवर बहुधा ती वेळ येणार नाही. बाईंपुढे चाळीस वर्षं आहेत, शिवाय त्याच जागी पुढे दुसरा कर्करोग होण्याचा धोका, थोडा का होईना, उरतोच. त्यांना एकेक थर काढून लगेच तपासणाऱ्या मोह्ज सर्जनकडे पाठव.

असे बेसल सेल वारंवार उठवणारा आनुवंशिक गॉर्लिन सिंड्रोम असेल तर रेडिएशनचं नावही काढू नकोस. भाजल्याच्या जुन्या व्रणातून उठलेल्या स्क्वेमस सेल कर्करोगालाही शक्यतो सर्जनच बरा. आपल्याकडे स्क्वेमसचेच रुग्ण जास्त. आपल्या पॅथॉलॉजिस्ट खानोलकरांनी १९४५ मध्ये धोतराच्या काचाने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाबद्दल लिहिलं होतं, ते तुझ्या तिथल्या सहकाऱ्यांना सांग, चकित होतील.

आता आजोबा. बायोप्सीत आजार मज्जातंतूलगत पसरल्याचा उल्लेख आहे का, ते आधी बघ. असेल तर सगळा हिशेब बदलतो. नाकपुडीत मेणाचं आवरण दिलेलं शिसं घाल, आतल्या पडद्याला झळ नको. तिसऱ्या आठवड्यात लाली येईल, खपली धरेल. ती नखाने काढू नका, हे त्यांच्या मुलीलाही सांग. आणि शेत किती लांब आहे, रोज गाडी कोण चालवणार, हे विचारलंस का? सहा आठवडे रोज येणं जमणार नसेल, तर मोठ्या डोसच्या मोजक्या फेऱ्या बसव. डाग थोडा जास्त राहील, पण या वयात ते चालेल.

रिपोर्ट आला की कळव.

तुझी,
मॅडम