कर्नल बदला, पण शिदोरी विसरू नका

‘कर्नल म्हणजे काय?’ असा प्रश्न पेपरात आला की आपण सगळेच पाच मार्कांचं उत्तर पाठ लिहून मोकळे होतो. पण चालू मशीनवरचा कर्नल बदलून ते पुन्हा सुरू करून दाखवा म्हटलं, की बरेच जण मागच्या बाकावर सरकतात. खरं तर यात फार अवघड काही नाही. मशीन सुरू होताना काय काय घडतं, ते क्रमाने कळलं पाहिजे, बस्स. आपण डेबियन किंवा उबुंटू लिनक्सचं उदाहरण घेऊ. (कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीतून करा!)

मुळात बदलायचा कशाला?

‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ हे वाक्य होस्टेलवर हमखास ऐकू येतं. त्याला उत्तर म्हणजे ‘डर्टी काऊ’. लिनक्स कर्नलमधली ही चूक ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली, पण ती २००७ पासून तिथे होती. साधं लॉगिन असलेला कुणीही तिच्या जोरावर त्या मशीनचा मालक, म्हणजे ‘रूट’, होऊ शकत होता. २०२२ साली ‘डर्टी पाइप’ नावाची तशीच आणखी एक चूक सापडली. आता विचार करा, ज्या लॅब सर्व्हरवर शंभर मुलांची अकाउंट आहेत, तिथे दुरुस्त केलेला कर्नल न टाकणं म्हणजे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या जिन्यात टांगून ठेवणंच की!

किल्ली कपाटातच

पॉवरचं बटण दाबलं की आधी बायोस किंवा यूईएफआय जागं होतं आणि ते ग्रबला बोलावतं. ग्रब दोन फायली मेमरीत आणतो. पहिली ‘व्हीएमलिनझ’, म्हणजे दाबून लहान केलेला कर्नल. दुसरी ‘इनिटआरडी’, म्हणजे बूट इमेज.

ही दुसरी कशाला हवी? इथेच गंमत आहे. कर्नलला डिस्कवरची रूट फाइल सिस्टिम माउंट करायची असते. त्यासाठी डिस्कचा ड्रायव्हर लागतो. आणि तो असतो कुठे, तर त्याच डिस्कवर, ‘/लिब/मॉड्यूल्स’ मध्ये! कपाटाची किल्ली कपाटातच. सगळे ड्रायव्हर कर्नलमध्येच कोंबता येतात, पण एकच कर्नल हजार प्रकारच्या मशीनवर चालवायचा तर तो उगाच फुगेल.

म्हणून बूट इमेज ही प्रवासाची शिदोरी समजा. पोहोचेपर्यंत लागेल तेवढंच बांधून घ्यायचं, अख्खं स्वयंपाकघर नाही. कर्नल ही शिदोरी मेमरीत सोडतो आणि तिच्यातला ‘इनिट’ प्रोग्राम चालवतो. तो गरजेचे मॉड्यूल लोड करतो, यूयूआयडीवरून खरी डिस्क शोधतो, ती माउंट करतो आणि कारभार तिच्याकडे सोपवतो. डिस्क एन्क्रिप्टेड असेल किंवा एलव्हीएमवर असेल, तर ती उघडण्याची साधनंसुद्धा शिदोरीतच लागतात. पूर्वी ही इमेज म्हणजे एक छोटी नकली डिस्क असे. २.६ कर्नलपासून ‘इनिटरॅमएफएस’ आलं, ते म्हणजे फायलींचं एक साधं सीपीआयओ गाठोडं. फाइलचं नाव मात्र अजून जुनंच चाललंय.

प्रत्यक्ष कृती

रोजच्या वापरासाठी ‘एपीटी’ने येणारा तयार कर्नलच घ्या, तो हे सगळं आपोआप करतो. शिकण्यासाठी स्वतः बांधायचा असेल, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला ६.१२ घेऊ.

१) ‘डीएफ -एच /बूट’ करून जागा बघा. जागा कमी असेल तर इमेज अर्धवट लिहिली जाते.

२) चालू कर्नलची कॉन्फिग फाइल ‘/बूट’ मधून सोर्सच्या फोल्डरमध्ये ‘.कॉन्फिग’ नावाने कॉपी करा आणि ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा.

३) ‘मेक -जे४’. आता मेसमध्ये जाऊन निवांत जेवून या.

४) रूट म्हणून आधी ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’, मगच ‘मेक इन्स्टॉल’. हा क्रम उलटा करू नका, कारण शिदोरी बांधली जाते ती ‘/लिब/मॉड्यूल्स’ मधूनच. मॉड्यूलच नसतील तर डबा रिकामा जाणार. पहिल्या कमांडला ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ जोडलंत तर डीबगची माहिती गळून इमेज बरीच लहान होते.

५) इमेज झाली नसेल तर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ६.१२.०’ आणि त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’. ‘एलएसइनिटरॅमएफएस’ने इमेजमध्ये आपल्या डिस्कचा ड्रायव्हर दिसतो का तेही बघून घ्या.

आणि हो, सिक्युअर बूट चालू असेल तर आपण बांधलेला, सही नसलेला कर्नल मशीन नाकारतं.

अडलं तर?

घाबरू नका, स्क्रीन नीट वाचा. ‘कर्नल पॅनिक’ आणि ‘अननोन ब्लॉक ०,०’ असं दिसलं, तर बहुतेक वेळा इमेज पोहोचलेलीच नसते. एक तर ती तयार झाली नाही, अर्धवट आहे, किंवा ग्रबच्या यादीत तिची ओळ नाही. पण ‘इनिटरॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट येऊन थांबलं, तर शिदोरी पोहोचली, फक्त डिस्क सापडत नाही. मग ड्रायव्हर नाहीतर यूयूआयडी तपासा. ‘बीएलकेआयडी’ ही कमांड तिथेच चालवा. डिस्क दिसतच नसेल तर ड्रायव्हर नाही, दिसत असेल तर यूयूआयडी चुकलाय.

दोन्ही वेळी सुटका एकच. मशीन रीस्टार्ट करून ग्रबच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून जुना कर्नल निवडा आणि इमेज पुन्हा बांधा. मेनू दिसत नसेल तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबा. म्हणूनच, नवा कर्नल दोन-चार दिवस नीट चालेपर्यंत जुना काढायचा नाही!

शेवटी एकच सांगणं. प्रोजेक्ट रिपोर्ट ज्या लॅपटॉपवर आहे, त्यावर सबमिशनच्या आदल्या रात्री हा उद्योग करू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स टाका, स्नॅपशॉट घ्या आणि तिथली बूट इमेज मुद्दाम उडवून बघा. पॅनिक येऊ द्या, मग स्वतः दुरुस्त करा. एवढं एकदा जमलं, की लॅबचा सर्व्हर अडल्यावर सर तुम्हालाच हाक मारतील!