छिद्रात तुटलेला टॅप

टॅप म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पाण्याचा नळ येतो. फिटरच्या पेटीतला टॅप निराळा. तो कठीण पोलादाचा, स्क्रूसारखा दिसणारा, पण अंगावर दोन, तीन किंवा चार उभ्या खाचा असलेला असतो. धातूतील छिद्रात तो पिळत नेला की आतून आटे पडतात आणि कापलेला कीस त्या खाचांत साठतो. ३ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी आधी २.५ मिलिमीटरचे छिद्र पाडतात. दोन आट्यांमधील अंतर अर्धा मिलिमीटर असते. स्क्रूच्या व्यासातून ते वजा केले की ड्रिलचे माप मिळते.

असा लहान टॅप छिद्रातच तुटला तर? माझ्याच हातून तो एकदा तुटला. प्रयोगशाळेतील जुन्या वर्णपटमापकाचे, लोलक ठेवायचे पितळी टेबल दुरुस्त करीत होतो. ते समतल करणाऱ्या तीन स्क्रूंपैकी एकाचे आटे घाणीने गच्च झाले होते. साफ करण्यासाठी टॅप घातला, थोडा जोर दिला, आणि ‘टक्’ असा आवाज झाला. तुकडा पृष्ठभागाच्याही खाली राहिला. तसा सुटा भाग बाजारात मिळण्यासारखा नव्हता आणि प्रात्यक्षिक परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

आधी तो तुटला का ते पाहू. गोल दांड्याची पीळ सोसण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे ६ मिलिमीटरच्या टॅपच्या मानाने ३ मिलिमीटरच्या टॅपची शक्ती निम्मी नव्हे, तर सुमारे एक-अष्टमांश! खाचांमुळे ती आणखी घटते. त्यात कठीण केलेले पोलाद ठिसूळ. साधा खिळा तुटण्यापूर्वी वाकतो, म्हणजे एक प्रकारे सूचना देतो; टॅप ती देत नाही. टॅपचे हँडल लांब असेल, तर बोटांचा किरकोळ जोरही मोठा पीळ निर्माण करतो. म्हणून बारीक टॅपला आखूड हँडल लावावे, तेलाचा थेंब सोडावा आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे जावे. मागे फिरताना कीस तुटतो व खाचा तुंबत नाहीत. हे सारे मला ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी.

तुटलेला तुकडा ड्रिलने पोखरून काढावा, असे पहिल्यांदा मनात येते. तसे करू नका. ड्रिल व टॅप बहुधा सारख्याच कठीणपणाचे असतात. सुरीने सुरी कापण्यासारखाच हा प्रकार. ड्रिलचे टोक घसरते आणि शेजारच्या मऊ पितळात घुसून आटे नासवते. त्याऐवजी छिद्रातील कीस फुंकून काढावा (डोळ्यांवर चष्मा हवाच!), तेल सोडावे, टॅपच्या खाचांत पक्क्या तारांची टोके घालून तुकडा किंचित पुढे-मागे हलवून पाहावा. बाजारात याच कामासाठी बारीक बोटे असलेले साधनही मिळते. माझा तुकडा मात्र हलेना.

तेव्हा जुन्या घड्याळजींची युक्ती कामी आली: तुरटी! पितळेत तुटलेला पोलादी स्क्रू ते तुरटीच्या पाण्यात विरघळवतात. तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असते. निळा लिटमस बुडवून पाहा, तांबडा होईल. त्यातील हायड्रोजनला लोखंड हुसकावून लावते व स्वतः विरघळते. तांब्याला ते साधत नाही.

पण पितळेत जस्तही असते आणि जस्त तर लोखंडाहून क्रियाशील, अशी शंका तुमच्यापैकी एखादा काढील. शंका रास्त आहे. मात्र पितळेत जस्त तांब्याशी एकजीव झालेले असते, त्यामुळे ते सुट्या जस्तासारखे वागत नाही. शिवाय द्रावणात पोलाद व पितळ एकमेकांना टेकलेले, म्हणजे तेथे एक विद्युत्‌घटच तयार होतो. त्यात लोखंड ऋण ध्रुव बनून झिजते आणि पितळ वाचते. तुकडा संपला की हे संरक्षणही संपते. म्हणून वस्तू लगेच बाहेर काढून धुवावी.

मी काचेच्या चंचुपात्रात गरम पाण्यात तुरटीचे संपृक्त द्रावण केले व टेबल त्यात बुडवले. दिवसा मंद ऊब देत होतो, खिडकी उघडी ठेवून. कारण निघणारा हायड्रोजन ज्वालाग्राही असतो. तुकड्यावर बारीक बुडबुडे दिसू लागले. तिसऱ्या दिवशी छिद्रात काळा गाळ उरला होता, तो सुईने निघाला. आटे शाबूत! टेबलाखालची पोलादी स्प्रिंग मात्र मी काढायला विसरलो होतो. तिची केसासारखी तार झाली. माझा टॅप साध्या कार्बन-पोलादाचा होता हेही नशीबच. हाय-स्पीड स्टीलवर तुरटीचा परिणाम फार सावकाश होतो.

वस्तूच पोलादी असेल तर तुरटी निरुपयोगी, कारण ती दोहोंनाही खाईल. तेथे ठिणगी लागते. १९४३ साली सोव्हिएत संघात बोरिस व नताल्या लाझारेन्को हे दांपत्य विजेच्या ठिणग्यांमुळे स्पर्शबिंदू का झिजतात याचा अभ्यास करीत होते. त्यांनी ती झीजच कामाला लावली. त्याच दशकात अमेरिकेत स्टार्क, हार्डिंग व बीव्हर यांनी अशाच ठिणग्यांचे यंत्र बनवले, आणि तेही ॲल्युमिनियमच्या भागांत तुटलेले टॅप व ड्रिल काढण्यासाठी! तांब्याची किंवा पितळेची बारीक कांडी टॅपच्या अगदी जवळ आणतात, मधून द्रव वाहता ठेवतात व विजेचे स्पंद सोडतात. प्रत्येक ठिणगी टॅपचा कणभर भाग वितळवते. टॅप किती कठीण आहे याला येथे महत्त्व नाही, त्यातून वीज वाहिली म्हणजे झाले. कांडी छिद्राहून बारीक असल्याने आट्यांना तिचा स्पर्श होत नाही. टॅपचा मधला गाभा गेला की खाचांमधले दाते सुटे होतात, आणि ते चिमट्याने उचलता येतात.