*गिअरबॉक्स बांधून घ्यायचा का बदलायचा?*



आज पिकाचा नाही, गाडीचा विषय. गाळप हंगाम तोंडावर आलाय आणि ऊस वाहतुकीला ट्रक लावणारे बरेच सभासद विचारतायत, "गिअरबॉक्स आवाज करतोय. उघडून बांधून घेऊ का सरळ दुसरा टाकू?" मेकॅनिक एक सांगतो, पार्टवाला दुसरंच. खर्च मात्र आपल्या खिशातून जातो. म्हणून ठरवायचं कसं ते बघू.

खोडवा ठेवायचा का नवी लागण करायची, हे आपण बुडखे आणि नांग्या बघून ठरवतो. इथंही तसंच, आधी बघायचं, मग ठरवायचं.

*१) बिघाड नक्की कुठं?*
गाडी न्यूट्रलला उभी करा, इंजिन चालू ठेवा.
▪️ क्लच दाबल्यावर आवाज येतो, सोडल्यावर जातो: बहुधा क्लचचं रिलीज बेअरिंग. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पण आतून उघडायची गरज नसते.
▪️ क्लच सोडलेला असताना आवाज, दाबल्यावर बंद: गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग.
▪️ सगळेच गिअर जड पडतात: आधी क्लच पूर्ण सुटतोय का ते आणि लिंकेज तपासा.
▪️ एकच गिअर निसटतो किंवा करकरतो: त्या गिअरचा सिंक्रो, स्लीव्ह किंवा फोर्क.

*२) ऑइल काढून बघा*
ऑइल स्वच्छ भांड्यात काढा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर तो पुसून बघा.
▪️ राखाडी, मऊ लेप: साधी झीज, घाबरू नका.
▪️ पिवळा कीस: पितळी सिंक्रो रिंग झिजतेय.
▪️ चकाकते पापुद्रे: बेअरिंग किंवा गिअरचा पृष्ठभाग सुटतोय.
▪️ दाताचा तुकडा: गाडी अजिबात चालवू नका. एक तुकडा बाकीचे गिअर खातो.
▪️ दुधासारखं ऑइल: आत पाणी गेलंय.

*३) बांधायचा कधी, बदलायचा कधी?*
✅ बॉडी शाबूत, शाफ्ट सरळ आणि नुकसान बेअरिंग, सील, सिंक्रो, एखाददुसरा गिअर एवढंच असेल तर *बांधून घ्या.*
❌ बॉडीला तडा, बेअरिंगची बैठक सैल, किंवा शाफ्टसकट बरेच गिअर गेलेत तर *बदला.* अशा बॉडीत नवं बेअरिंगही टिकत नाही.

बदलायचं म्हणजे नवाच असं नाही. काही कंपन्या जुना घेऊन स्वतः बांधलेला, वॉरंटीचा गिअरबॉक्स देतात. टाटाची प्रोलाइफ योजना त्यातलीच. भंगारातला घेताना मॉडेल नंबर जुळवा आणि आतून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

*४) उभ्या गाडीचे दिवस मोजा*
इथंच बहुतेकांचा हिशेब चुकतो. समजा (आकडे फक्त रीत कळावी म्हणून):
▪️ बांधणी ६०,००० रुपये, गाडी १२ दिवस उभी.
▪️ बदली १,१०,००० रुपये, गाडी २ दिवस उभी.
▪️ हंगामात खर्च जाता रोज ६,००० सुटतात.

हंगामात बांधणी पडली ६०,००० + ७२,००० = *१,३२,०००.* बदली पडली १,१०,००० + १२,००० = *१,२२,०००.* म्हणजे बदली स्वस्त. हेच काम हंगामाआधी, गाडी रिकामी असताना केलं तर ६०,००० विरुद्ध १,१०,०००, म्हणजे बांधणी स्वस्त! गिअरबॉक्स तोच, उत्तर वेगळं. म्हणून आवाज येत असेल तर *आत्ताच* दाखवा. आपले खरे आकडे घालून हीच बेरीज करा. गाडी वर्षभरात विकायची असेल तर महागड्या बदलीचे पैसे सहसा वसूल होत नाहीत, हेही धरा.

*५) काम देताना*
▪️ उघडल्यावर पार्ट बघून लेखी अंदाज घ्या, मगच होकार द्या.
▪️ गिअर बदलताना त्याचा जोडीचा गिअरही तपासा. जुन्या दातावर नवा दात नीट बसत नाही.
▪️ गिअरबॉक्स उतरलाच आहे तर सगळी बेअरिंग, सील आणि क्लच प्लेट बघून घ्या. मजुरी दोनदा पडणार नाही.
▪️ जुने पार्ट परत मागा. बिलावर वॉरंटी लिहून घ्या.

*६) मूळ कारण काढा*
ऑइल गळती, जादा भार, उतारावर न्यूट्रल, अर्धवट क्लच: यातलं एकही तसंच राहिलं तर नवा गिअरबॉक्सही जाईल. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. पातळी सपाट जागेवर गाडी उभी करून तपासा. बंद गाडी लांब ओढून न्यायची असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडवा. इंजिन बंद असताना आत ऑइल नीट फिरत नाही.

ड्रेन प्लगचा फोटो किंवा आवाजाचा व्हिडिओ याच नंबरवर पाठवा. दुरुस्तीचा अंदाज मिळाला असेल तर तोही पाठवा, हिशेब मिळून बघू.

आपला,
कृषी सल्लागार 🌱