घटक ४ : आठवणीतून पडद्यावर – पाटी-पेन्सिलीची रात्र

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –
१. आत्मकथनातील प्रसंग आणि दूरचित्रवाणी मालिकेतील प्रसंग यांतील फरक सांगता येईल.
२. ‘अनुभवणारा मी’ आणि ‘सांगणारा मी’ या संकल्पना स्पष्ट करता येतील.
३. उल्लेखाच्या व संबोधनाच्या शब्दांतून नात्यांची रचना कशी व्यक्त होते, हे उदाहरणांसह दाखवता येईल.
४. आपल्या परिसरातील भाषिक सामग्री गोळा करून तिचे वर्णन करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, कौटुंबिक मालिका हा आपल्या घराघरांतील रोजच्या संध्याकाळचा भाग आहे. ती आपण पाहतो, तिच्याविषयी बोलतो, पण अभ्यासाचा विषय म्हणून तिच्याकडे क्वचितच वळतो. मालिका जेव्हा एखाद्या आत्मकथनात सांगितलेल्या आयुष्यावर उभी असते, तेव्हा भाषेच्या अभ्यासकाला तिच्याकडे वळावेच लागते. कारण तेथे एकच घटना दोन वेगवेगळ्या भाषाव्यवस्थांतून सांगितलेली असते. एक व्यवस्था लिखित गद्याची, दुसरी दृश्य आणि संवाद यांची.

या घटकात आपण एकच प्रसंग घेणार आहोत. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात आपल्या विवाहाच्या दिवसांविषयी लिहिले आहे. त्यांच्या जीवनावरील ‘उंच माझा झोका’ ही मालिका २०१२ मध्ये झी मराठी वाहिनीवर सुरू झाली आणि २०१३ मध्ये संपली. वीरेन प्रधान यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत लहान रमेची भूमिका तेजश्री वालावलकर हिने, मोठ्या रमाबाईंची स्पृहा जोशी यांनी आणि न्यायमूर्ती रानडे यांची विक्रम गायकवाड यांनी केली. पुस्तकातील ‘मी’ पडद्यावर येताना तिच्या भाषेचे काय होते, हा आपला प्रश्न आहे.

४.३ तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण

आत्मकथनातून कौटुंबिक मालिका घडण्याचे जगभर परिचित असलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. लॉरा इंगल्स वाइल्डर (१८६७–१९५७) या लेखिकेने आपल्या बालपणावर कथामाला लिहिली. नव्या, ओसाड मुलुखात घर बांधून राहणाऱ्या कुटुंबाची ती कथा. तिच्यावर आधारलेली ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ ही मालिका १९७४ ते १९८३ या काळात तेथील एनबीसी वाहिनीवर चालली.

लॉराची थोरली बहीण मेरी हिची दृष्टी १८७९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, आजारपणात गेली. या घटनेनंतरचा काळ सांगणारे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कथा सुरू होते तेव्हा मेरी अंध झालेलीच असते. लेखिका ती गोष्ट मागे वळून, थोडक्यात सांगते. १९७८ मध्ये मालिकेने मात्र या घटनेला दोन भाग दिले. मुलगी जागी होते आणि आपल्याला दिसत नाही हे तिला कळते, तो क्षण प्रेक्षकांसमोर घडतो. पुढे मालिकेतील मेरी शिक्षिका होते, तिचे लग्नही होते. खऱ्या मेरीने अंधशाळेत शिक्षण घेतले, पण ती आजन्म अविवाहित राहिली.

यावरून रूपांतराचे दोन नियम हाती लागतात. पहिला असा की, पुस्तकात जे ‘घडून गेलेले’ असते ते पडद्यावर ‘घडत असलेले’ होते. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर भूतकाळाचा वर्तमानकाळ होतो. दुसरा नियम असा की, लेखिकेने जेथे मौन पाळले असेल तेथे मालिकेला काहीतरी दाखवावेच लागते. हे दोन नियम मनात ठेवून आपण मराठी उदाहरणाकडे वळू.

४.४ मूळ प्रसंग

रमाबाईंचे माहेर देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांचे. माहेरचे नाव यमुना. जन्म २५ जानेवारी १८६२ चा. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा. १८७३ मध्ये रानड्यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाले. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते, त्यामुळे त्यांनी आता विधवेशी विवाह करावा अशी सुधारक स्नेह्यांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात यमुनेशी त्यांचा विवाह झाला. वधू अकरा वर्षांची, वर एकतीस वर्षांचे.

विवाहानंतर रानड्यांनी या मुलीला काही प्रश्न विचारले, असे रमाबाई सांगतात. तुझे लग्न माझ्याशी झाले आहे, पण मी कोण आणि माझे नाव काय हे तुला माहीत आहे का, असा त्यातील पहिल्या प्रश्नांचा आशय होता. मुलीने जसे ऐकले होते तसे नाव सांगितले. मग लिहिण्या-वाचण्याविषयी विचारणा झाली. मुलींनी अक्षर शिकणे माहेरी मान्य नव्हते, त्यामुळे तिला काहीच येत नव्हते. तेव्हा त्याच रात्री पाटी-पेन्सिल घेऊन तिची अक्षरओळख सुरू झाली. पुढे या शिक्षणापायी तिला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी वर्षानुवर्षे सोसावी लागली. याच मुलीने पुढे पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

प्रसंग छोटा आहे, परंतु त्यात नाट्याचे सर्व घटक आहेत. दोनच पात्रे, एक खोली, एक प्रश्न, एक उत्तर आणि शेवटी हातात आलेली पाटी. मालिकेच्या लेखकाला याहून अधिक काय हवे?

४.५ ‘स्वतः’ : एका सर्वनामाची कहाणी

आता मूळ ग्रंथाच्या भाषेकडे बारकाईने पाहू. आपल्या ग्रंथात रमाबाई पतीचा उल्लेख ‘स्वतः’ या शब्दाने करतात. मराठी व्याकरणात ‘स्वतः’ हे आत्मवाचक सर्वनाम आहे. त्याला एरवी वाक्यात आधार लागतो. ‘तिने स्वतः पाणी भरले’ या वाक्यात ‘स्वतः’ हा शब्द ‘तिने’कडे बोट दाखवतो. रमाबाईंच्या गद्यात मात्र हा शब्द कोणाकडेही बोट न दाखवता एकटा उभा राहतो आणि त्याचा अर्थ एकच असतो : घरातील ती एक व्यक्ती, जिचे नाव घ्यायचे नाही. कॅथरिन गेट्स यांनी १९३८ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी ग्रंथाला नावच ‘हिमसेल्फ’ असे दिले. या एका शब्दाचे वजन त्यांनी ओळखले होते.

पतीचे नाव टाळण्याची ही रूढी आपल्याला अपरिचित नाही. ‘अहो’, ‘इकडून’, ‘तिकडची स्वारी’, ‘आमचे मालक’, ‘कारभारी’, ‘घरधनी’, ‘पोरांचे बाप’ हे सगळे त्या टाळण्यासाठीच घडलेले शब्द. माझ्या लहानपणी मतदारयादीच्या कामासाठी गुरुजी घरी येत. आजीला पतीचे नाव विचारले की ती माझ्याकडे पाही, आणि ते नाव मी सांगत असे. नाव उच्चारायला तिला समाजाने एकच मोकळी वाट दिली होती, ती उखाण्याची. तेथेही नाव यमकाच्या आडोशाने येते, साधेपणाने येत नाही.

या पार्श्वभूमीवर तो प्रसंग पुन्हा वाचा. ज्या मुलीचे स्वतःचे ‘यमुना’ हे नाव बदलून ‘रमा’ झाले, तिलाच पती आपले नाव उच्चारायला सांगतो आणि ती ते सांगते. पुढे ती मुलगी अठ्ठेचाळीस वर्षांची लेखिका होते. पतीच्या निधनाला तेव्हा नऊ वर्षे झालेली असतात. आयुष्यभर ती शिकलेली आहे, सभांतून बोललेली आहे. तरीही त्याच प्रसंगाविषयी लिहिताना तिच्या लेखणीतून उतरतो तो ‘स्वतः’ हाच शब्द.

म्हणजे एकाच पानावर दोन स्त्रिया आहेत. एक अनुभवणारी ‘मी’, जी अकरा वर्षांची आहे आणि नाव घेते. दुसरी सांगणारी ‘मी’, जी प्रौढ आहे आणि नाव घेत नाही. आत्मकथन या वाङ्मयप्रकाराचे सामर्थ्य या दोघींमधील अंतरात असते.

४.६ पडद्यावर काय उरते, काय नव्याने दिसते?

मालिकेत पात्रे एकमेकांशी बोलतात. लेखिका आपल्याशी बोलते तसे त्यांना प्रेक्षकांशी बोलता येत नाही. त्यामुळे ‘स्वतः’ या उल्लेखाला संवादात जागा उरत नाही. निवेदनाचा आवाज वापरला, तरी तो क्षणभराचा असतो. पानापानावर टिकत नाही. पडद्यावर सांगणारी ‘मी’ मागे सरते आणि अनुभवणारी ‘मी’ तेवढी समोर येते. हे रूपांतरातील नुकसान होय.

परंतु नुकसानाबरोबर एक लाभही होतो, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. ‘मी तेव्हा अकरा वर्षांची होते’ हे वाक्य वाचताना आपल्या कानांत आवाज येतो तो प्रौढ, कृतज्ञ, भाषेवर प्रभुत्व असलेल्या रमाबाईंचा. तो आवाज वयाचा आकडा सौम्य करतो. वाचक पुढच्या वाक्याकडे सरकतो. पडद्यावर ही सोय नाही. तेथे मुलीची भूमिका करणारी खरोखरच एक लहान मुलगी असते आणि तिच्यासमोर एक प्रौढ पुरुष असतो. आदरार्थी बहुवचन दृश्याला झाकू शकत नाही. लेखिकेने आदराने जे शब्दांआड ठेवले, ते कॅमेरा काहीही न बोलता समोर ठेवतो.

येथे मालिकेच्या प्रेक्षकाने सावध राहायला हवे. पाटी-पेन्सिलीचे दृश्य इतके हृद्य आहे की त्यामुळे बालविवाहही गोड वाटू लागण्याचा धोका असतो. उलट, केवळ वयाकडे पाहून त्या रात्रीची अक्षरओळख नगण्य ठरवणे हेही अन्यायाचे होईल. पाटीमुळे वय पुसले जात नाही आणि वयामुळे पाटी पुसली जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत, एकाच वेळी होत्या. चांगले वाचन म्हणजे त्या दोन्ही एकत्र धरणे.

४.७ आपल्या जिल्ह्यातून पाहताना

हा प्रसंग १८७३ चा आहे. मुलींच्या विवाहाचे वय १९२९ च्या कायद्याने चौदा, १९७८ च्या दुरुस्तीने अठरा झाले. २००६ मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. यावरून मालिकेतील दृश्य हा केवळ इतिहास आहे, असे कोणी म्हणेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९–२१) आकडे तसे म्हणू देत नाहीत. वीस ते चोवीस वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के आहे. परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के आहे. जवळजवळ दोघींपैकी एक.

अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रांत हा प्रसंग शिकवताना मला दरवेळी एक गोष्ट जाणवते. वर्गात बसलेल्या विद्यार्थिनींपैकी अनेकजणी दहावी-बारावीच्या सुमारास लग्न होऊन, मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकू लागलेल्या असतात. एकदा सोनपेठ तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले की, रमेला पाटी मिळाली म्हणून आपण तिची गोष्ट वाचतो, ज्यांना मिळाली नाही त्यांची गोष्ट कोण लिहिणार? मी तिला उत्तर दिले नाही. पुढच्या सत्राला येताना तिने आपल्या लग्नाच्या दिवसाविषयी दोन पाने लिहून आणली. त्यांत पतीचा उल्लेख ‘हे’ असा होता आणि स्वतःचे माहेरचे नाव पहिल्याच ओळीत होते. आत्मकथन या प्रकाराविषयी मी त्या दिवशी वेगळे काही शिकवले नाही. ती पानेच वर्गात वाचून घेतली.

४.८ सारांश

आत्मकथनातील प्रसंग मालिकेत येताना भूतकाळाचा वर्तमान होतो आणि सांगणारी ‘मी’ मागे पडते. रमाबाईंच्या गद्यातील ‘स्वतः’ हा शब्द नाव टाळण्याच्या रूढीचा आणि आदराचा भाषिक पुरावा आहे. पडद्यावर तो टिकत नाही. त्याऐवजी पडदा वधूचे वय लपवू देत नाही. म्हणून पुस्तक आणि मालिका परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत. एक वाचून दुसरी पाहावी आणि पुन्हा पहिल्याकडे यावे.

४.९ पारिभाषिक शब्द

अनुभवणारा मी : आत्मकथनात घटना घडताना त्यात असलेली, त्या वेळच्या वयाची व्यक्ती.
सांगणारा मी : पुढे काळाच्या अंतरावरून तीच घटना लिहिणारी व्यक्ती.
आत्मवाचक सर्वनाम : ‘स्वतः’, ‘आपण’ यांसारखे कर्त्याचाच पुन्हा निर्देश करणारे सर्वनाम.

४.१० स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. रमाबाईंचे माहेरचे नाव काय होते?
२. ‘उंच माझा झोका’ ही मालिका कोणी दिग्दर्शित केली?

आ) थोडक्यात उत्तरे लिहा.
१. ‘स्वतः’ या शब्दाचा रमाबाईंनी केलेला वापर व्याकरणदृष्ट्या वेगळा कसा ठरतो?
२. मेरी इंगल्सच्या उदाहरणातून रूपांतराचे कोणते नियम दिसतात?

इ) सविस्तर उत्तर लिहा.
‘पडदा लेखिकेचा आवाज घालवतो, पण तिचे वय परत आणतो.’ या विधानाची चर्चा करा.

४.११ उपक्रम

आपल्या गावातील साठ वर्षांवरील पाच स्त्रियांशी बोला. पतीचा उल्लेख त्या कोणत्या शब्दांनी करतात, सासूबाई कोणत्या शब्दांनी करीत, आणि सुना आज काय म्हणतात, याची नोंद तीन रकान्यांत करा. नोंद घेण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्या. शेवटी एक प्रश्न अवश्य विचारा : तुमचे माहेरचे नाव काय? उत्तर येण्यापूर्वी त्या थांबल्या, तर ते थांबणेही वहीत लिहून ठेवा.